सगळ्यांना सारखाच नियम, तरी दुजाभाव

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात सातवीत शिकणाऱ्या एका मुलीला सिकलसेल आहे. प्राणवायू कमी पडला की तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा सुरू होतात. अंगातले पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम ही या कळा उठण्याची नेहमीची कारणे असल्यामुळे दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहा, असे डॉक्टरांनी तिला सांगितले आहे. शाळेचा नियम मात्र असा, की तास चालू असताना कोणी पाणी प्यायचे नाही आणि लघवीला मधल्या सुट्टीतच जायचे. आई विचारायला गेली तेव्हा गुरुजी म्हणाले, "बाई, नियम सगळ्यांना सारखा आहे. तुमच्या पोरीसाठी वेगळा केला, तर उद्या बाकीचे पोट्टेही मागतील." गुरुजींच्या मनात त्या मुलीविषयी आकस नव्हता, आजारपणात वही घरी पोहोचवणारेही तेच होते. पण मुलगी शाळेत पाणी पिणे टाळू लागली आणि हिवाळ्यातल्या एका महिन्यात नऊ दिवस अंथरुणाला खिळली.

तिच्या आईसाठी अर्ज लिहायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की याला भेदभाव म्हणायचे का? कोणी शिवी दिली नाही, कोणी वर्गाबाहेर काढले नाही, नियमही सगळ्यांना एकच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे आणि ते "होय" असे आहे.

हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९५ चा कायदा होता, त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि भर सवलतींवर होता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केले, त्या कराराला धरून कायदा नव्याने लिहावा लागला आणि त्यात भेदभावाची व्याख्या आली. दिव्यांगत्वाच्या कारणावरून केलेला असा कोणताही फरक, वगळणूक किंवा निर्बंध, ज्याचा हेतू किंवा परिणाम त्या व्यक्तीचे हक्क हिरावण्यात होतो, तो भेदभाव, असा तिचा आशय आहे. यातला "किंवा परिणाम" हा शब्दप्रयोग फार महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे नियम करणाऱ्याच्या मनात काय होते हे शोधत बसावे लागत नाही. "तू आंधळा, तुला खाते कशाला" असे बँकेत कोणी म्हटले तर तो सरळ भेदभाव झाला. सगळ्यांना सारखा दिसणारा नियम एखाद्यालाच नेमका आडवा येत असेल तर तो आडून केलेला भेदभाव होतो. आणि जी सोय केल्याने अडचण सुटली असती ती करायला नकार देणे, हाही स्वतंत्रपणे भेदभावच आहे, असे व्याख्येत शब्दशः म्हटलेले आहे.

या सोयीला मराठीत "वाजवी सोय" म्हणता येईल. एका विशिष्ट माणसाला, एका विशिष्ट ठिकाणी, इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा म्हणून जो बदल करावा लागतो तो म्हणजे वाजवी सोय, मात्र त्या बदलाचा समोरच्यावर अवाजवी भार पडता कामा नये. दुमजली शाळेत चाकाच्या खुर्चीवरचा एक विद्यार्थी आला, तर त्याच वर्षी लिफ्ट बसवा असे म्हणणे कदाचित अवाजवी ठरेल, पण त्याचा वर्ग तळमजल्यावर आणा हे म्हणणे कुठल्याही हिशेबाने अवाजवी ठरत नाही. बाकावर पाण्याची बाटली ठेवू देण्याचा भार शाळेवर किती पडतो, हे वेगळे सांगायला नको. शिक्षणसंस्थांनी प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे अशी सोय करावी, हे कलम १६ मध्ये तर वेगळे नमूद केले आहे.

कायद्याने फरक करायला वाव अजिबात ठेवला नाही, असेही नाही. रास्त उद्दिष्टासाठी आणि त्या उद्दिष्टाला जेवढा लागतो तेवढाच फरक करता येतो. पूर्ण दृष्टिहीन व्यक्तीला एसटीचा चालक म्हणून घेतले नाही तर तो भेदभाव होत नाही. पण त्याच व्यक्तीला कार्यालयातले फोन घेण्याचे काम नाकारले, तर ते का नाकारले हे नाकारणाऱ्याने पटवून द्यावे लागते.

इथे गावोगावी होणारा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चाळीस टक्के अपंगत्व नसेल तर कायदा लागूच होत नाही, असे अनेक कार्यालयांतही सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी आहे, की आरक्षण, मोफत शिक्षण यांसारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के, म्हणजे कायद्याच्या भाषेत "लक्षणीय दिव्यांगत्व", लागते. भेदभावापासूनचे संरक्षण आणि वाजवी सोय मागण्याचा हक्क मात्र टक्क्यांवर अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार असलेल्या या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिक हवा होता आणि तो टक्केवारीच्या नियमात बसत नाही म्हणून नाकारला गेला होता. लेखनिकाची गरज ही त्या माणसाच्या अडचणीवरून ठरते, आरक्षणाची अट तिला लावता येत नाही, असा निकाल लागला. त्यामुळे आपल्या सातवीतल्या मुलीचे प्रमाणपत्र २० टक्क्यांचे असते तरीही बाटलीचा हक्क तिला होताच.

सिकलसेलबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण पूर्व विदर्भात ही घरोघरची गोष्ट आहे. नव्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांच्यासोबत सिकलसेलचाही समावेश केला. तपासणीच्या कागदावर "एएस" लिहिलेले असले तर ती व्यक्ती केवळ वाहक असते. तिला सहसा त्रास होत नाही आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही मिळत नाही. "एसएस" लिहिलेले असले तर आजार असतो आणि त्याने शरीराचे किती नुकसान केले आहे, हे पाहून टक्केवारी ठरते. हा फरक न कळल्यामुळे वाहक मुलींची लग्ने मोडल्याचीही उदाहरणे आहेत आणि "एसएस" असलेल्यांनी कधी अर्जच न केल्याचीही. कायद्यातली एक उणीव मात्र मला खटकते. सरकारी व अनुदानित संस्थांमधल्या उच्च शिक्षणात ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सर्वांसाठी आहेत, त्यामुळे सिकलसेलचा विद्यार्थी तिथे बसतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाचे कलम ३४ मात्र प्रकारवार लिहिलेले आहे आणि त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिक्षणाच्या दारात राखीव जागा आहे, नोकरीच्या दारात नाही. अपवाद असा, की सिकलसेलमुळे खुब्याचे हाड झिजून चालण्यात कायमचा दोष आला असेल, तर अस्थिव्यंगाचे मूल्यमापन वेगळे करून मागता येते आणि ते जरूर मागावे.

प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे वैश्विक ओळखपत्र, ज्याला सगळे "यूडीआयडी कार्ड" म्हणतात, त्याचा अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर करता येतो. तपासणीला मात्र रुग्णालयात जावेच लागते आणि खरी परीक्षा तिथेच असते. पहाटेची पहिली एसटी पकडून जिल्ह्याच्या गावी पोहोचावे, तर कळते की कानाचे डॉक्टर आज नाहीत, पुढच्या बुधवारी या. दोन्ही पाय पोलिओने गेलेल्या एका माणसाला मी जिन्यावरून हातांच्या आधाराने वर जाताना पाहिले आहे, कारण दिव्यांगत्व तपासणारी खोली पहिल्या मजल्यावर होती. अशा वेळी तपासणी तळमजल्यावर करा अशी मागणी करणे हीसुद्धा वाजवी सोयीचीच मागणी आहे, परंतु रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ती सुचत नाही आणि सुचली तरी नंबर जाईल म्हणून तो बोलत नाही. टक्केवारी कमी लावली असे वाटले तर कलम ५९ खाली अपील करता येते, आणि एका राज्यात मिळालेले प्रमाणपत्र देशभर चालते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांच्या आतल्या व्यक्तीला पांढऱ्या, ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळ्या आणि ८० व त्यापुढे निळ्या रंगाचे कार्ड आहे. पांढरे कार्ड म्हणजे बिनकामाचे कार्ड, असे पानठेल्यावरचे मत मनावर घेऊ नये.

शेतीच्या वाटणीत जे घडते त्याकडे कोणी भेदभाव म्हणून पाहतच नाही. बाप वारला, तीन भाऊ, त्यातला मधला जन्मापासून ऐकू-बोलू न शकणारा. वारसनोंदीचा अर्ज देताना दोघांचीच नावे दिली जातात. "त्याला काय समजते, आम्हीच तर पोसतो त्याला," असे थोरला म्हणतो आणि पंचनाम्याला आलेले शेजारीही मान डोलावतात. मधला भाऊ आयुष्यभर त्याच वावरात पऱ्हाटी वेचतो, डवरणी करतो, पण सातबारावर नसतो. मग त्याला ना पीककर्ज मिळते, ना पीकविमा, आणि उद्या भाऊबंदकी झाली तर राहायचे कुठे, हा प्रश्न वेगळाच.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे कलम २८ सांगते, की आजार, शारीरिक दोष किंवा व्यंग या कारणाने कोणाचाही वारसा हक्क जात नाही. जुन्या धर्मशास्त्रीय परंपरेत जन्मांध, बहिरे, मुके यांना वाट्यातून वगळले जात असे. ही वगळणूक १९२८ च्या कायद्याने बरीचशी मोडून काढली आणि १९५६ च्या कायद्याने तिचे उरलेसुरले अवशेषही संपवले, तरी गावाच्या मनातून ती पुरती गेलेली नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम १३ आणखी पुढे जाते. दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच मालमत्ता धारण करण्याचा, वारशाने घेण्याचा, आपले पैशाचे व्यवहार आपण पाहण्याचा हक्क आहे, आणि तिला व्यवहारात मदत करणाऱ्याचाच त्यात स्वार्थ गुंतला असेल तर त्याने त्या व्यवहारापुरते मदतनीस म्हणून बाजूला व्हावे, असे ते म्हणते. ज्या भावाच्या नावाने हक्कसोडपत्र होत आहे, त्यानेच मुक्या भावाच्या खुणांचा अर्थ निबंधकाला सांगायचा, या नेहमीच्या प्रकाराला कायद्यात जागा नाही. अडचण अशी, की खेड्यातल्या अनेक बहिऱ्या माणसांना शाळेतली सांकेतिक भाषा येत नसते, त्यांच्या खुणा घरापुरत्या असतात. अशा वेळी मूकबधिर शाळेतले शिक्षक आणि व्यवहारात हितसंबंध नसलेला, त्याच्या खुणा ओळखणारा गावातला एखादा माणूस अशा दोघांना सोबत बोलावण्याची मागणी करणे शहाणपणाचे ठरते.

वेळेचेही भान ठेवावे लागते. फेरफाराची, म्हणजे सातबारावरच्या नावांत होणाऱ्या बदलाची, नोंद प्रमाणित होण्याआधी तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, हितसंबंधितांना नोटीस देतात आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. नोटीस चावडीवर लागली आणि ती ज्याच्यासाठी आहे त्याला वाचताच येत नसेल तर ती असून नसल्यासारखी आहे, हा मुद्दा हरकतीत आणि पुढे उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या अपिलातही मांडता येतो. अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. ती टळली तरी उशीर का झाला याचे कारण लिहून उशीर माफ करण्याची विनंती करता येते.

ग्रामपंचायतीकडे वळू. राज्य शासनाच्या आदेशानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारवसुली अशा पैशांच्या, ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. समजा, चार लाख स्वउत्पन्न असेल तर ही रक्कम २० हजार होते. पुष्कळ ठिकाणी ती दिवाळीच्या तोंडावर किराण्याच्या पिशव्या किंवा ब्लँकेट वाटून संपवली जाते आणि वाटपाचा फोटो काढला जातो. ब्लँकेट नको असे मी म्हणणार नाही, कारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत त्याची गरज असते. पण तो खर्च कोणाशी विचारून ठरला, हे ग्रामसभेत विचारायला हवे, आणि ग्रामसभा जर सहा पायऱ्यांच्या वर असलेल्या सभागृहात होत असेल तर विचारणार कोण?

पायऱ्यांना पर्याय म्हणून बांधलेले उतार हा तर आमच्या भागातला विनोदाचाच विषय आहे. सर्वसाधारण प्रमाण असे, की एक फूट चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. सहा-सहा इंचांच्या सहा पायऱ्या म्हणजे तीन फूट उंची, म्हणजे छत्तीस फुटांचा उतार. प्रत्यक्षात आठ-दहा फुटांत काम उरकतात, वर गुळगुळीत फरशी लावतात आणि पहिल्या पावसानंतर त्यावरून मोटारसायकलच तेवढी चढते. सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत केव्हाच उलटली आहे. सुगम्यतेचे मानदंड ऐच्छिक नाहीत, ते सक्तीचे असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. मात्र उतार होईपर्यंत ग्रामसभा शाळेच्या पटांगणात घेण्याला एक रुपयाही लागत नाही आणि तशी लेखी मागणी आजही करता येते.

कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीही या कायद्याच्या कक्षेत येतात. दत्तपूर १९३६, तपोवन १९४६, आनंदवन १९४९ असा कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी उभ्या राहिलेल्या संस्थांचा इतिहास असलेल्या विदर्भात तरी हे फार समजावून सांगावे लागू नये, पण लागते. औषधाने आजार जातो, झडलेली बोटे परत येत नाहीत, आणि मग रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. अंगठा उमटत नाही एवढ्याच कारणाने धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना आहेत. डोळ्यांची खूण घेता येते किंवा अन्य मार्गाने ओळख पटवता येते. डिजिटल ओळखपडताळणी दिव्यांगांना जमेल अशी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांच्या प्रकरणांत सांगितले आहे. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होते, त्या वर्षी ते काढून टाकण्यात आले.

भेदभावाच्या पुढची पायरी अत्याचाराची. चारचौघांत हिणवण्याच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीचा अपमान करणे किंवा तिला धमकावणे, मारहाण करणे, जिची जबाबदारी आपल्यावर आहे तिला जाणूनबुजून उपाशी ठेवणे, तिची कुबडी, काठी, सायकल यांची नासधूस करणे किंवा ती वापरू न देणे, हे कलम ९२ खालचे गुन्हे असून शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. गावात माणसाचे नावच "लंगड्या" पडलेले असते आणि हाक मारणाऱ्याला त्यात वावगे वाटत नाही. अशा प्रत्येक हाकेला गुन्हा म्हणता येणार नाही, कारण हिणवण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. पण भांडणात, लोक जमलेले असताना, तोच शब्द वापरून लाज काढली तर गोष्ट वेगळी होते. छळ होत असेल तर कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांकडेही माहिती देता येते आणि त्यांना त्यावर तातडीने पावले उचलावी लागतात.

एरवी तक्रार करायची तर दाद मागण्याची मुख्य जागा म्हणजे राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे आणि गडचिरोलीहून पुणे आठशेहून अधिक किलोमीटर, तेव्हा अर्ज नोंदणीकृत टपालानेच पाठवलेला बरा. चौकशीसाठी माणसे आणि कागदपत्रे बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. ते शिफारस करतात, ती मिळाल्यावर संबंधित कार्यालयाने काय केले हे तीन महिन्यांत कळवायचे असते आणि ती मान्य नसेल तर कारणे द्यायची असतात. आयुक्तांच्या हाती मुख्यतः शिफारसच आहे, हे या व्यवस्थेचे दुबळेपण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देते. दिव्यांग व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे.

माझा अनुभव असा, की निम्म्याहून अधिक प्रकरणे पुण्यापर्यंत जातच नाहीत, अर्ज नीट लिहिला तर तालुक्यातच मिटतात. "मला न्याय मिळावा" असे लिहिलेल्या अर्जावर साहेबाला काहीच करता येत नाही. अडचण नेमकी काय, सोय नेमकी कोणती हवी, ती न दिल्याने काय घडले, एवढे तारखांसह लिहावे, कायद्याचे नाव आणि कलम द्यावे, डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.

त्या मुलीच्या आईचा अर्ज एका पानाचाच होता. बाकावर बाटली ठेवू द्यावी, विचारल्यावर लघवीला सोडावे, थंडीच्या दिवसांत प्रार्थनेच्या वेळी तिला वर्गात बसू द्यावे आणि परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ द्यावा, अशा चार मागण्या, भेदभावाला मनाई करणारे कलम ३ आणि वर सांगितलेले कलम १६ यांचा उल्लेख आणि सोबत रुग्णालयाचे पत्र. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला, "हे तर तोंडीही सांगता आले असते" असे म्हणाले आणि सही केली. आईने शिक्का मागून घेतला. बाटली आता बाकावर असते. मुलींच्या शौचालयाला कुलूप असते आणि किल्ली शिपायाकडे असते, त्याचा दुसरा अर्ज गेल्या आठवड्यात दिला आहे.